मागच्या खोलीतली हाक

“वैजयंती...”

दाराआडून मी हाक मारली, ओठांतल्या ओठांत. कुणी उठलं नाही.

“वै...ज...यं...ती...”

बाकीची पोरं एव्हाना एकेक करून माझ्यापाशी व्हरांड्यात येऊन बसली होती. हॉलमध्ये ती एकटीच उरली होती. आपल्या आसनावर, डोळे मिटून, पाठ ताठ. झोपली नव्हती. कानही चांगले तिखट होते तिचे. पलीकडे पेन्सिल पडली तरी मान वळायची. फक्त स्वतःचं नाव आलं की ढिम्म.

“ताई, ती नाही येणार,” तस्नीम माझ्या कानाशी लागून म्हणाली. तस्नीम वर्गात सगळ्यांत मोठी, नऊ वर्षांची, आणि स्वतःला माझी सासू समजायची. “तिला वाटतं, आपल्याला कुणी बोलावतच नाही.”

“अगं, मग मी काय करतेय इथं? शेंगा सोलतेय?”

“शूऽऽ,” पोरं मलाच म्हणाली.

हा शांततेचा खेळ. माँटेसरी पद्धतीच्या शाळांतून खेळतात. मुलांनी हलायचं नाही, बोलायचं नाही, चहूकडचे बारीकसारीक आवाज ऐकायचे. मग ताईनं दुसऱ्या खोलीत जाऊन एकेकाचं नाव कुजबुजायचं. ज्याला हाक ऐकू येईल त्यानं उठायचं, वाटेतल्या कुणाच्या आसनाला पाय न लावता, पावलाचा आवाज न करता ताईपर्यंत यायचं. या खेळाला माझ्याइतकी नालायक बाई शोधून सापडली नसती. मी इचलकरंजीची. घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग. रात्रंदिवस खडखडाट. मीठ दे म्हणायचं तरी आमच्याकडे बोंब मारावी लागायची. कुजबुजणं म्हणजे काय ते मी सव्विसाव्या वर्षी शिकले, आणि तेही पोटासाठी.

शाळा प्रवरेच्या कालव्यावर, पाटबंधारे खात्याच्या एका जुन्या बंगल्यात भरायची. सहा ते नऊ वर्षांची पोरं एकाच वर्गात. प्रत्येकाचं काम वेगळं, ज्यानं त्यानं निवडलेलं, आपापल्या आसनावर मांडलेलं. कुणी मण्यांच्या माळांनी गुणाकार करतंय, कुणी नकाशा रंगवतंय. घंटा नाही, छडी नाही, पहिला नंबर नाही. हे सगळं उभं केलं कुमुदताईंनी. मी त्यांना पाहिलेलं नाही. मे महिन्यात कावीळ झाली आणि आठवड्याभरात त्या गेल्या. जूनमध्ये त्यांच्या जागी मी आले. पोरं सगळी त्यांच्याच हाताखाली, बालघरात, म्हणजे इथल्याच लहानांच्या वर्गात वाढलेली. त्या वर्गात नव्या दोघीच होतो, मी आणि वैजयंती.

वैजयंतीचे वडील गुलाबराव निकम कालवा निरीक्षक होते. दर वर्षाला एक बदली, दर बदलीला एक शाळा. पोर इतक्या वेळा उपटून लावली गेली की तिनं मुळं धरायचंच सोडून दिलं होतं. विचारलं तर मान हलवायची, दिलं तर काम करायची, नीट करायची. पण आपणहून बोलायची नाही आणि कुणाच्या आसनाजवळ जाऊन बसायची नाही.

“नाताळापर्यंत बघतो, ताई,” गुलाबरावांनी मला फाटकाशीच सांगितलं होतं. मोटरसायकल बंदसुद्धा केली नव्हती. “नाही रुळली, तर संगमनेरला वसतिगृहात घालतो. तिथं शिस्त आहे. हिच्या आईचं बाळंतपण तोंडावर आलंय, मी दिवसभर पाटावर. मुकी पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?”

“मुकी नाही हो ती.”

“मग बोलत का नाही?”

सात वर्षांचं लेकरू वसतिगृहात, हे माझ्या मनाला पटेना. मी मनाशी धरून बसले होते, की एकदा, फक्त एकदा, ही पोर आपलं नाव ऐकून उठली की सुटली. म्हणून मी तो खेळ सारखा घ्यायचे. आणि ती सारखी बसून राहायची.

पण त्या खेळात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते मला अगदी पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

पहिल्यांदा खेळ घेतला तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, तर सगळी पोरं माझ्याकडे पाठ करून बसलेली. तोंडं मागच्या खोलीकडे.

“इकडे फिरा रे,” मी म्हटलं.

“पण हाक तिकडून येते,” सोपान म्हणाला. हा आठ वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, प्रश्न विचारून भंडावून सोडणारा.

“कुमुदताई तिकडून मारत असतील. मी इकडून मारणार.”

पोरं गुणी, फिरून बसली. मागची खोली म्हणजे आमचं साहित्य ठेवायची खोली. माकडं, डास येऊ नयेत म्हणून तिला हॉलकडून बारीक जाळीचं दार होतं आणि अंगणात उघडणारं दुसरं लाकडी दार. मला ती खोली आवडत नव्हती. भर दुपारीसुद्धा तिथं गेलं की मानेवर कुणीतरी हळूच फुंकर घालतंय असं वाटायचं. मी आपली लागेल ते उचलून लगबगीनं बाहेर यायचे, तोंडानं मोठमोठ्यानं काहीतरी बडबडत.

सहा वर्षं ओलांडली की पोरांना सगळ्या जगाचा हिशेब हवा असतो. सूर्य कुणी केला, माणूस आला कुठून. म्हणून या वयात त्यांना विश्वाची गोष्ट सांगायची. कुमुदताईंनी त्यासाठी काळ्या कापडाची एक लांबच लांब पट्टी शिवली होती. ती उलगडत न्यायची. काळं कापड म्हणजे पृथ्वीचं वय, आणि अगदी टोकाला शिवलेला पांढरा बारीक काठ म्हणजे माणसाचा काळ. आम्ही ती पुढच्या दारापासून उलगडली, तर टोक थेट मागच्या खोलीच्या जाळीशी जाऊन पोचलं. पोरं काठाभोवती उकिडवी बसली.

“एवढीच आपण?” सोपान म्हणाला.

“एवढीच.”

“आणि मेलेली माणसं?”

“तीही याच काठात.”

“म्हणजे कुमुदताई पण इथंच आहे.”

“होत्या,” मी म्हटलं.

सोपाननं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “नाही, आहे. ती तर काल—”

तस्नीमनं त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला. मी विचारलं, काल काय? सगळ्यांची तोंडं शिवलेली. मला ती अहो-ताई म्हणत, आणि कुमुदताईंना मात्र अगं-तुगं, मेल्यावरसुद्धा. माझ्या मनाला ते लागायचं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या आधी आणखी एक झालं. खेळ चालू होता, मी अजून एकही नाव घेतलं नव्हतं. एवढ्यात गार्गी उठली. डोळे अर्धे मिटलेले, पावलं मांजराची, पण निघाली ती माझ्याकडे नाही, मागच्या खोलीकडे. जाळीपाशी जाऊन उभी राहिली, मान किंचित कलती करून. मग परत येऊन जागेवर बसली.

“गार्गी, कुठं गेली होतीस गं?”

“मला वाटलं, बोलावलं.”

“मी नाही बोलावलं.”

“तुम्ही नव्हे,” ती म्हणाली. अगदी साधेपणानं.

मी हौसाबाईंना विचारलं. त्या शाळेची झाडलोट बघायच्या, पोरांची शी-शू काढल्यापासून त्यांना ओळखायच्या. त्या म्हणाल्या, “पोरांच्या तोंडचं किती मनावर घ्यायचं? पण ताई, त्या बाईनं या लेकरांपायी लग्न केलं नाही की संसार मांडला नाही. एवढी माया एका काविळीनं संपती व्हय?” आणि केरसुणी उचलून चालत्या झाल्या. मला धीर द्यायला गेल्या आणि होता तो घालवून गेल्या.

दसऱ्यानंतर बंगल्याच्या व्हरांड्यापुढच्या पोर्चच्या कमानीला आग्यामोहोळ लागलं. दर वर्षी लागायचं म्हणे. परातीएवढं, काळंभोर, मधूनच सगळं अंग शहारल्यासारखं लहरायचं. मी म्हटलं, माणूस बोलवा आणि काढून टाका. पण शाळेची रीत आडवी आली. निसर्ग दारात आलाय तर पोरांनी तो पाहायचा, हुसकायचा नाही. पोरं लांबून त्याची चित्रं काढायची, कुठल्या वेळी माशा शांत असतात ते बघायची. “हलायचं नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही,” हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या कुठल्याही शाळेनं आग्यामोहोळ दारात अभ्यासाला ठेवलं नसतं. आमच्या शाळेनं ठेवलं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तो आठवडा. सकाळची वेळ, वारा पडलेला. पोरांची कामं झाली होती, मी खेळ सांगितला. सगळी डोळे मिटून बसली. मी व्हरांड्यात आले, दार निम्मं ओढून घेतलं आणि कुजबुजले, “तस्नीम...”

कुणी आलं नाही.

“सोपान...”

नाही. तस्नीम आणि सोपान, दोघांना हाक ऐकू येऊ नये? मला रागच आला. म्हटलं, आज बाईची गंमत करायचं ठरवलेलं दिसतंय. “गार्गी...”

काही नाही. साधी हालचालही नाही. मी दारातून डोकावले.

हॉल रिकामा होता. आसनं सगळी जागच्या जागी, त्यांवर मांडलेले मणी, कागद, रंग. पोरं नव्हती. एवढी पोरं उठून गेली आणि मला पावलाचा आवाज आला नाही. फक्त खिडकीजवळ वैजयंती बसली होती, डोळे मिटून, हात मांडीवर, वाट पाहत.

आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. वळून पाहते तो घारीसारखा एक मोठा पक्षी पोळ्यावर पंजे मारून उडत होता. पोळ्याचा एक लचका खाली पडला. मग तो आवाज उठला. तो मी तुम्हाला काय सांगू! मागांच्या खडखडाटात वाढलेली मी, पण तसली गुंईऽऽ मी कधी ऐकली नव्हती. दोन माशा मला मानेवर डसल्या तेव्हा मी भानावर आले आणि बाजूच्या कचेरीत शिरून दार लावून घेतलं.

कचेरीला हॉलच्या बाजूनं काचेची खिडकी होती. मी काचेला नाक लावून पाहिलं. हॉलचं दार मी निम्मं उघडं ठेवलं होतं. माशा आत शिरत होत्या. आसनांवर, मण्यांवर, भिंतींवर. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती पोर, तशीच. डोळे मिटलेले. केसांवर माशा, बाहीवर माशा, एक गालावरून चालत निघालेली.

मी तोंड उघडलं. माझा आवाज त्या काचा फोडून पार कालव्यापर्यंत गेला असता. पण काढला नाही. ओरडले असते तर ती दचकून उठली असती, पळाली असती, आणि मग त्या माशांनी तिला सोडलं नसतं. जूनपासून मी ज्यासाठी देव पाण्यात घातले, ते आता होऊ नये म्हणून मी हात जोडले. “बाई गं, उठू नको. माझी सोन्यासारखी लेक, आज नको उठू.” हे मी मनात म्हणत होते आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

ती बसून राहिली. मग तिची हनुवटी थरथरायला लागली. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि एक माशी त्या पाण्यापाशी येऊन थांबली. तिचा धीर सुटत चालला होता. आता ही किंचाळणार, आता उठणार, मला दिसत होतं, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

तेव्हा मागच्या खोलीकडून आवाज आला.

आवाज तरी कसा म्हणू! पुष्कळ तोंडांनी एकदम, अगदी एका श्वासात, पण इतका हळू, की माशांच्या गुणगुणीच्या खालून तो सरपटत आला.

“वै...ज...यं...ती...”

पोरीनं डोळे उघडले. परत एकदा आला, तेवढाच हळू. तिची हनुवटी थांबली. ती उठली. कशी उठली, अहो! असं उठणं मी आयुष्यात पाहिलं नाही. परकराचीसुद्धा सळसळ नाही. एक पाऊल, मग दुसरं. आणि वाटेत कामं मांडलेली आसनं होती ना, त्या आकांतात तिनं एकाही आसनावर पाय ठेवला नाही, प्रत्येकाला वळसा घालून गेली. माशा तिच्या अंगावरून एकेक करून उडत गेल्या. मागच्या खोलीचं जाळीचं दार बोटभर उघडलं, आतून एक हात आला, त्यानं तिला आत घेतलं, आणि दार लागलं.

मी कचेरीच्या फरशीवर मटकन बसले. पदर दातांत तसाच.

हौसाबाईंनी कालव्यावरची माणसं गोळा करून आणली. ओल्या पोत्यांचा धूर केला, सतरंजीत गुंडाळून मला मागच्या अंगणातून नेलं. लाकडी दार उघडलं तर सगळी पोरं अंधारात मांडी घालून रांगेत बसलेली. एकाही पोराला डंख नाही. वैजयंती तस्नीमच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तस्नीम तिच्या केसांत बोटं फिरवत होती. मी तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडले. पोरांनी या वेळी मला शूऽऽ केलं नाही.

गुलाबराव आले ते धुळीनं माखलेले, डोळे लाल. “पुरे झाली तुमची शाळा!” ते गरजले. “पोळं दारात ठेवता? पोर मेली असती माझी! चल गं, उद्याच्या उद्या संगमनेर.”

त्यांचं चुकत नव्हतं. पण वैजयंती हलली नाही. तिनं तस्नीमचा हात धरला होता.

“मी नाही येणार, बाबा,” ती म्हणाली. आवाज थोडा घोगरा, पण स्वच्छ. “मला बोलावलं.”

“कुणी बोलावलं?”

“सगळ्यांनी.”

तिचं एवढं बोलणं गुलाबरावांनी बहुधा वर्षभरात ऐकलं नसावं. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, मग बराच वेळ पुसत राहिले. “बरं,” शेवटी म्हणाले, “आधी ते पोळं काढा. मग बघू.” तिला पुढ्यात बसवून घरी घेऊन गेले. ती पुढं तिसरी संपेपर्यंत आमच्याकडेच होती, आणि बोलायला लागली ती अशी की तस्नीमसुद्धा हात टेकायची.

पण त्या दिवशी, सगळ्यांचे पालक येऊन गेल्यावर, तस्नीम एकटीच उरली. तिचे अब्बा दुकान बंद करून उशिरा यायचे. आम्ही दोघी मागच्या अंगणातल्या पायरीवर बसलो होतो. माझी मान सुजलेली, हौसाबाईंनी तिला चुना लावलेला. विचारू नये असं वाटत होतं. तरी विचारलं.

“तस्नीम, मी पुढून हाका मारत होते. तुम्हाला ऐकू नाही आल्या?”

“आल्या की. पण ती आधीपासून बोलावत होती. एकेकाला.”

“कोण ती?”

एवढं साधं कळू नये, असा तिचा चेहरा.

“बरं,” मी म्हटलं, “मग वैजयंतीला नाही का बोलावलं?”

“नाही ना! आम्ही सगळे आत आलो आणि तिनं दार लावायला सांगितलं. मी म्हटलं, अगं, अजून एक जण राहिलीय बाहेर.” तस्नीम पायरीवरची माती बोटानं उकरत होती. “तर ती म्हणाली, होय गं, दिसतेय मला. पण ती माझ्यानंतर आली, तिचं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही बोलवा.”